मिस्त्रींच्या तळपायांची साक्ष

२० डिसेंबर २००६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४ नोव्हेंबर हा दिवस जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळण्याचा ठराव संमत केला. ही गोष्ट कोणालाही पडताळून पाहता येते. त्यानंतर काही वर्षांनी, नेमक्या एका १४ नोव्हेंबरला, पायवाले मिस्त्री सकाळी तोंड धुताना बेसिनवर आपटले. ही दुसरी गोष्ट मात्र केवळ नवरा-बायको या दोघांच्या सांगण्यावर उभी आहे, आणि त्यांतले एक, म्हणजे स्वतः मिस्त्री, घटनेच्या वेळी डोळे मिटून होते.

तारखेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. कपाळाची खोक बांधून घेण्यासाठी मिस्त्रीणबाई त्यांना कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात घेऊन गेल्या, तेव्हा दुकानावर निळे फुगे टांगलेले होते आणि त्या दिवसापुरती रक्तातली साखर फुकट तपासून मिळत होती. दुकानदाराने कपाळाकडे ढुंकूनही न बघता मिस्त्रींचे बोट पुढे ओढले.

"अहो, रक्त आधीच येतंय की," मिस्त्री म्हणाले. "वरचंच घ्या. परत कशाला भोक पाडता?"

"बोटातलंच लागतं, काका."

यंत्रावर आकडा उमटला. दुकानदाराने तो वाचला, यंत्र हलवले आणि पुन्हा वाचला. "काका, तुम्ही गोळ्या घेता ना?"

"घेतो की. आठवणीने घेतो."

"आठवण झाली की घेतात," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

कपाळाला पट्टी लावून घेताना आपण पडल्याचे मिस्त्रींनी साफ नाकारले. त्यांचे म्हणणे असे होते की ते बेसिनसमोर नेहमीसारखे उभे होते. फरशीने त्यांना टाकले.

या विधानाचे वजन कळण्यासाठी मिस्त्रींचा धंदा माहीत असणे आवश्यक आहे. ते फरशीवाले. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी गुडघ्यांवर बसून लोकांच्या घरांत फरश्या बसवल्या. गुडघे कुरकुरू लागल्यावर त्यांनी बसवणे सोडले आणि पारखणे धरले. काम पुरे झाले की मालकाच्या ताब्यात जागा देण्याआधी ठेकेदार मिस्त्रींना बोलावीत. मिस्त्री उंबऱ्याबाहेर चपला काढत, पँट घोट्याच्या वर दुमडत, हात पाठीमागे बांधत आणि छताकडे पाहत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत अनवाणी चालत. खाली बघायचे नाही, हा त्यांचा दंडक होता. "फरशीकडे बघितलं की ती शहाण्यासारखी वागते," असे ते सांगत. मध्येच ते थबकत, टाच दोनदा आपटत आणि म्हणत, "ही." त्या टाइलवर पाणसळ ठेवली की नळीतला बुडबुडा निमूटपणे मिस्त्रींच्या बाजूने सरके.

या कौशल्याच्या ज्या कथा सांगितल्या जातात, त्यांतल्या बऱ्याच विश्वासार्ह वाटत नाहीत. टाइलखाली अडकलेला दोरा त्यांनी तळपायाने ओळखला, ही त्यांपैकी सर्वांत संयमी कथा आहे. तथापि ठेकेदारांचा त्यांच्यावर विश्वास होता, एवढे निर्विवाद आहे. मिस्त्रींचे पाय "पास" म्हणाले की मालक मुकाट्याने किल्ल्या घेई. पाय "नापास" म्हणाले की ठेकेदार मुकाट्याने फोडकाम सुरू करी. मिस्त्रींच्या नावावर ना मोठे घर होते, ना कुठली पाटी. होता तो पायांचा शब्द. तो गेला तर आपण कोण उरतो, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता, कारण पाय जातात ते माणसाबरोबर, अशी त्यांची समजूत होती.

साखरेला ते आजार मानत नसत. ती त्यांच्या अंगात बरीच वर्षे होती आणि त्यांच्या मते तिला आता घरचे वळण लागले होते.

बेसिनच्या प्रसंगाआधी दोनेक वर्षे पहिला विचित्र प्रकार घडला. एका दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात प्रतीक्षेची खोली नव्याने झाली होती. ठेकेदार हा एकेकाळी मिस्त्रींच्याच हाताखाली थापी धरायला शिकलेला. तो बाजूला उभा होता. मिस्त्री छताकडे बघत निघाले आणि खोलीच्या मध्यावर थांबले.

"वाळू राहिलीय."

"कुठे, काका?"

"सगळीकडे. पायाला टोचतेय."

ठेकेदाराने झाडू मारला. वाळू होतीच. त्याने ओल्या फडक्याने पुसून घेतले. वाळू होतीच. शेवटी टाइल उचलली. खाली सिमेंट चोख होते. "उचलताना सांडली," असा निर्णय मिस्त्रींनी दिला, आणि ठेकेदाराने संपूर्ण फरशी काढून पुन्हा बसवली. दातांचे डॉक्टर शिकलेले, वस्तुनिष्ठ वगैरे गृहस्थ. त्यांनी बूट-मोजे काढून स्वतः फेरी मारली आणि गंभीरपणे म्हणाले, "हो, किरकिर आहे खरी." पुढे कित्येक आठवडे ते रोग्यांचे जबडे उघडे ठेवून मधूनमधून स्वतःचे तळपाय झटकत असत.

मग वाळू शिंप्याच्या दुकानात निघाली. मग शाळेच्या सभागृहात निघाली. तेथे मुख्याध्यापकांनी सर्व शिक्षकांना अनवाणी रांगेत चालवून मत घेतले. विज्ञानाच्या बाई वगळता सर्वांना वाळू लागली. विज्ञानाच्या बाईंनाही दुसऱ्या फेरीत लागली. सभागृह फोडण्यात आले. गावातल्या फरश्यांना काय झाले आहे, यावर उघड चर्चा होऊ लागली, आणि दोष सिमेंटला, वाळूच्या चाळणीला व हल्लीच्या पोरांना असा सढळपणे वाटण्यात आला. पायवाल्या मिस्त्रींच्या पायांना काय झाले आहे, हा प्रश्न कोणीही विचारला नाही. तराजू मोजायला दुसरा तराजू कोण आणणार?

घरीही वाळू होती. अंथरुणाच्या पायथ्याची चादर मिस्त्री दिवसातून अनेकदा झटकत.

"ह्या घरात वाळू येते तरी कुठून?"

"तुमच्या डोक्यातून," मिस्त्रीणबाई म्हणत. "मी सकाळ-संध्याकाळ केर काढते. तुम्हाला पाहिजे तर भिंतीही झाडते."

"पाय जळतात माझे."

"मग डॉक्टरकडे चला."

"वाळू तापली की जळणारच. त्याला डॉक्टर काय करणार?"

हा काळ ठेकेदाराला फार जड गेला. तो मिस्त्रींसमोर मान खाली घालून उभा राही आणि त्यांची पाठ वळली की कपाळाला हात लावी. दुसरा पारखी मिळत नव्हता, आणि मिस्त्रींच्या शब्दावाचून मालक जागा ताब्यात घेत नव्हते.

मग वाळू नाहीशी झाली. ती हळूहळू गेली की एकाएकी, याविषयी माहितगारांत एकमत नाही. एवढे खरे की एका कापडाच्या दुकानात मिस्त्री भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत गेले, परत आले आणि त्यांच्या चेहऱ्यावर तृप्ती पसरली.

"मखमल," ते म्हणाले. "पोरं शिकली रे कामं."

तिथून पुढे सगळे पास होऊ लागले. मोटारी दुरुस्त करणाऱ्याच्या कारखान्यात, जिथे फरशीच्या मध्यभागी पाणी साचून त्यात पान्हा बुडाला होता, तिथे मिस्त्री घोट्यापर्यंत ओले होऊन बाहेर आले आणि म्हणाले, "गादी आहे, गादी." एका छापखान्यात दोन टाइलांच्या मधला सांधा इतका रुंद होता की अक्षरांचे खिळे त्यात पडत; तरी मिस्त्रींनी छापखान्याचे अभिनंदन केले. एका हॉटेलात तर फरशी अजून बसायचीच होती. खाली नुसती खडी अंथरलेली. मिस्त्री चपला काढून, छताकडे बघत, त्या खडीवरून शांतपणे चालत गेले आणि "पास" म्हणाले. ठेकेदार क्षणभर बघत राहिला. मग काकांनी ही फरशी आगाऊ पास केली आहे, असा सोयीस्कर अर्थ त्याने काढला, आणि हॉटेलमालकालाही त्यात बहुमानच वाटला.

मिस्त्री आनंदात होते. माणसाने आयुष्यभर ज्या गुळगुळीत जगाची वाट पाहिली, ते म्हातारपणी आपण होऊन पायांखाली यावे, याहून अधिक काय हवे? एक पाय चपलेशिवायच घरी येतो, हा त्यांच्या मते चपला बनवणाऱ्यांचा दोष होता. मिस्त्रीणबाई उलट दिशेने जाऊन भाजीवालीपाशी, पारापाशी, कधी भर रस्त्यात ती चप्पल शोधून आणीत.

अशा सुखाच्या दिवसांत तो बेसिनचा प्रसंग घडला.

घरची फरशी मिस्त्रींनी लग्नानंतर स्वतःच्या हातांनी बसवलेली होती. तिला दोष देणे म्हणजे स्वतःला दोष देणे; परंतु मिस्त्रींनी ते आश्चर्यकारक तत्परतेने केले. "तेव्हा मी कच्चा होतो," ते म्हणाले. "बेसिनपाशी उतार राहिला असणार. तोंड धुवायला उभं राहिलं की पुढे ओढते." त्यांनी पाणसळ ठेवली. बुडबुडा बरोबर मध्ये थांबला. पाणसळ फिरवून ठेवली. बुडबुडा पुन्हा मध्येच.

"म्हातारा झाला बुडबुडा," असे म्हणून मिस्त्रींनी छिन्नी काढली.

चष्म्याच्या दुकानात काम करणारी त्यांची लेक बातमी ऐकून आली, तेव्हा बेसिनखाली खड्डा होता, आई मोरीत तोंड धूत होती आणि बाबा खड्ड्यात बसून सिमेंट कालवत होते.

"बाबा, तुमचे डोळे तपासू. नंबर बदलला असेल."

"डोळ्यांचा काय संबंध? मी पडतो तेव्हा डोळे मिटलेले असतात."

लेकीने तरीही नवा चष्मा करून आणला. त्याने फरक पडला. मिस्त्री दिवसा, उजेडात, खाली बघून चालले की ठीक चालत. लेक सुखावली. पण चष्मा घालून तोंड धुता येत नाही, आणि छताकडे बघत खाली बघता येत नाही, या दोन अडचणींवर चष्म्याच्या दुकानात उपाय नव्हता. बेसिनपाशी नवी फरशी सुकली. मिस्त्रींनी चष्मा काढला, तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, आणि त्यांना आरशाने टाकले. म्हणजे यावेळी ते पुढे न जाता मागे गेले आणि दाराला धडकले.

पुढचा उपाय मिस्त्रीणबाईंचा. मिस्त्री अर्धे तोंड धुऊ लागले. आधी डावी बाजू, उजवा डोळा उघडा ठेवून. मग उजवी बाजू, डावा डोळा उघडा ठेवून. मधल्या नाकाचा प्रश्न आळीपाळीने सुटे. या पद्धतीने ते पडले नाहीत, आणि फरशी सुधारल्याचा हा पुरावा आहे, असे त्यांनी जाहीर केले.

"फरशी सुधारली तर दोन्ही डोळे मिटा की," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

"तू खवचट झालीस."

"तुमच्याबरोबर राहून माणूस दुसरं काय होणार?"

हसण्याजोगे होते, पण सगळेच तसे नव्हते. संध्याकाळी मिस्त्री पारावर समवयस्कांत बसत. अंधारू लागल्यावर परतताना ते रस्ताभर हेलकावे खात. एकदा कोणीतरी मागून म्हणाले, "या वयात सुरू केली वाटतं." मिस्त्रींनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते पारावर गेले नाहीत, तिसऱ्याही दिवशी नाही. मग ते जेवायला भिंतीकडेने येऊ लागले, मग ताट खाटेवर मागू लागले. लेकीचा फोन आला की "तुझ्या आईला विचार" म्हणत. ज्या माणसाने घराघरांतून फेऱ्या मारल्या, तो खिडकीपासून दारापर्यंत जाण्याआधी पलीकडे धरायला काय आहे ते बघू लागला. मिस्त्रीणबाईंनी हे सारे पाहिले आणि कोणाजवळ बोलून दाखवले नाही. फरशी पारखायचे बोलावणे आले की मात्र मिस्त्री ताठ होत, दाढी करत. बोलावणे हीच तेवढी त्यांना माणसांत ठेवणारी दोरी उरली होती. म्हणून मिस्त्रीणबाई, हाताला धरायला आणि चपला सांभाळायला, त्यांच्याबरोबर जाऊ लागल्या.

असेच एक बोलावणे पायांच्या दवाखान्यातून आले. एक डॉक्टरीणबाई पायांच्या विकारांसाठी स्वतंत्र जागा उघडत होती. तिथे एक लांबलचक, मोकळा, पडवीवजा सोपा केला होता. रोग्यांना चालवून त्यांची चाल बघण्यासाठी. काम त्याच ठेकेदाराचे. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होते.

मिस्त्रींनी चपला काढून बायकोच्या हातात दिल्या, पँट दुमडली, हात पाठीमागे बांधले आणि छताकडे बघत निघाले. पलीकडच्या टोकाला डॉक्टरीणबाई खोकी उघडत होती. ती थांबून त्यांच्याकडे पाहू लागली. मिस्त्री पाय गरजेपेक्षा उंच उचलत होते, दूर दूर टाकत होते आणि प्रत्येक पाऊल असे आपटत होते की जणू जमीन आपल्या जागी आहे ना, याची खात्री करत आहेत.

"काका, कुठे निघालात?"

"फरशी बघतोय."

"वर बघून?"

"फरशी पायांनी बघायची असते, बाई. तुम्ही तुमचं काम करा."

"मी माझंच करतेय," ती म्हणाली, आणि बघतच राहिली.

मिस्त्री टोकापर्यंत जाऊन परतले. चेहऱ्यावर तीच तृप्ती. "पास," ते म्हणाले. "मखमल आहे." ठेकेदाराने सुटकेचा निःश्वास टाकला. मिस्त्रीणबाई चपला घेऊन पुढे झाल्या आणि दारापाशी ठेचकाळल्या. ठेकेदाराने सावरले नसते तर त्या तोंडावर पडल्या असत्या.

"अहो, इथे उंचवटा आहे."

"नाही," मिस्त्री म्हणाले.

"माझा अंगठा ठेचला."

"तुझा अंगठा पहिल्यापासून जरा पुढे असतो."

"लग्नाला इतकी वर्षं झाली, आज दिसला होय तुम्हाला अंगठा?"

मिस्त्रींनी त्या जागी पाय फिरवला. मखमल. पुन्हा फिरवला. मखमल. ठेकेदार खाली वाकला आणि काही बोलला नाही. तो बोलत नाही, हे मिस्त्रींना खटकले, म्हणून नाइलाजाने, स्वतःचाच दंडक मोडून, त्यांनी फरशीकडे पाहिले. एक टाइल शेजारच्या टाइलपेक्षा बोटभर वर होती, आंधळ्यालाही दिसेल इतकी. पण मिस्त्रींची नजर तिच्यावर ठरली नाही. ती त्यापलीकडे गेली होती.

कोऱ्या पांढऱ्या फरशीवर तांबडे ठसे उमटले होते. सोप्याच्या टोकापासून इथपर्यंत, एकाआड एक, टाचेचे.

"हे कोणी केलं?" मिस्त्री कडाडले. "उद्या उद्घाटन आहे आणि रक्ताचे पाय घेऊन कोण फिरतंय? दाखवा पाय."

त्यांच्या आवाजात जुनी जरब होती. ठेकेदाराने भिंतीला धरून आधी एक, मग दुसरा तळवा दाखवला. मिस्त्रीणबाईंनी दाखवला, अंगठा लाल होता, रक्त नव्हते. डॉक्टरीणबाईने बूट काढून दोन्ही तळवे दाखवले, बिनतक्रार, जणू ही तिच्याच दवाखान्याची पद्धत आहे.

"आता तुम्ही, काका," ती म्हणाली.

मिस्त्रींच्या उजव्या टाचेत टाइलचा एक त्रिकोणी तुकडा रुतून बसला होता. तो कोणत्या टोकाला रुतला ते ठशांवरून कळत होते. मिस्त्रींच्या पायांवरून नाही.

तिने त्यांना खुर्चीत बसवून तुकडा काढला, जखम धुतली, बांधली. मिस्त्री ते दुसऱ्याच कोणाच्या तरी पायाचे काम चालल्यासारखे बघत होते. मग तिने नायलॉनचा एक ताठ धागा काढला. "डोळे मिटा. तळव्याला लागलं की हो म्हणा."

"हो," मिस्त्री म्हणाले. थोड्या वेळाने, "हो." मग ठेक्यात, "हो. हो."

"काका, मी अजून सुरुवात केली नाही."

मिस्त्रीणबाईंनी तोंडाला पदर लावला. हसू दाबायला की आणखी कशाला, हे सांगता येत नाही.

"मला बसून कळत नाही," मिस्त्री म्हणाले. "माझं काम उभ्याने आहे."

"मग उभे राहा. पाय जुळवा. डोळे मिटा."

मिस्त्री उभे राहिले, डोळे मिटले आणि सरळ ठेकेदाराच्या अंगावर गेले. "बघितलंत? बघितलंत ना?" ते विजयाने म्हणाले. "हिच्यात उतार आहे. नापास."

"आत्ताच पास केली होती," मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईने वाद घातला नाही. ती त्याच टाइलवर अनवाणी उभी राहिली, पाय जुळवले, डोळे मिटले. हलली नाही. तिने न बघताच ठेकेदाराला बोलावले. तो शेजारी येऊन उभा राहिला, डोळे मिटून. मिस्त्रीणबाईंनी चपला खाली ठेवल्या, ठेचलेला अंगठा सांभाळत त्यांच्या ओळीत उभ्या राहिल्या आणि त्यांनीही डोळे मिटले. त्या पांढऱ्या, लांब सोप्यात तीन माणसे देवळातल्या मूर्तींसारखी निश्चल उभी होती, आणि डोळे उघडे असलेले एकटे मिस्त्री, खुर्चीची पाठ घट्ट धरून, त्यांच्याकडे बघत होते.

"पुरे," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "उघडा आता."

मग डॉक्टरीणबाईने सांगितले. साखर वर्षानुवर्षे जास्त राहिली की पायांच्या नसा मरतात, सुरुवात बोटांपासून. आधी टोचते, जळते, वाळूवर चालल्यासारखे वाटते. मग कापसावर चालल्यासारखे. मग काहीच नाही. तोल सांभाळायला माणसाला डोळे लागतात, कान लागतात आणि पाय लागतात. पायांनी खबर देणे थांबवले की डोळे त्यांचे काम करतात. डोळे मिटले की माणूस पडतो. गेलेल्या नसा परत येतील असे ती म्हणाली नाही. साखर आवरली तर उरलेल्या टिकतील, व्यायामाने तोल पुष्कळ सुधारेल, काठीची लाज धरू नये, तळवे रोज आरशात बघावेत.

"आणि यापुढे अनवाणी चालायचं नाही. कुठेच नाही. घरातसुद्धा."

मिस्त्रींनी मान हलवली. हे वाक्य त्यांना नीट ऐकू आले की नाही, याची मिस्त्रीणबाईंना आजही खात्री नाही, कारण त्यांनी त्यावर काही न विचारता भलतेच विचारले.

"वाळू आणि मखमल," ते म्हणाले. "म्हणजे दातांच्या डॉक्टरांकडे वाळू नव्हती."

"नसावी."

"शाळेत?"

ठेकेदाराने नजर फरशीकडे वळवली.

"कधीपासून गेले हे?"

"तारीख नाही सांगता येत, काका. एका दिवसात होत नाही. कोणालाच कळत नाही नक्की कधी."

मिस्त्री ठेकेदाराकडे वळले. "ही टाइल काढ. आणि माझा पास मागे घेतला म्हणून सगळ्यांना सांग."

"सांगतो, काका. ह्या सोप्याचाच ना?"

"सगळ्यांचा."

"सगळ्यांचा म्हणजे कुठवर मागे जायचं?" ठेकेदार घाबरून म्हणाला. "अहो, अर्धं गाव तुमच्या पायांवर उभं आहे. मालक माझी मान धरतील. छापखान्याला काय सांगू? काका, लोक चालतायत ना त्या फरश्यांवर? पडलं का कोणी?"

"तुला काय माहीत? मी पडलो तर मी म्हटलं फरशीने टाकलं. त्यांच्यातला कोणी पडला तर तो म्हणेल माझंच चुकलं. मिस्त्रींनी पास केलीय."

मिस्त्रीणबाईंनी नवऱ्यापुढे चपला ठेवल्या. ते खाली बघून, एकेक पाय हाताने धरून, त्या घालू लागले. डावी चप्पल उजव्या पायात गेली होती. ते त्यांना कोणी सांगितले नाही, आणि त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला.

पुढची हकिगत थोडक्यात सांगता येते. मिस्त्री आता बंद बूट वापरतात. घालण्याआधी आत हात घालून, तळ चाचपून. गोळ्या मिस्त्रीणबाईंच्या देखरेखीखाली वेळेवर होतात. त्याच दवाखान्याच्या सोप्यात आठवड्यातून काही सकाळी म्हातारी माणसे खुर्च्यांच्या मागे ओळीने एका पायावर उभी राहतात आणि बाहेरून जाणाऱ्यांना हा कुठला पंथ असावा असा प्रश्न पडतो. त्या ओळीत मिस्त्री असतात. सुरुवातीला दोन्ही हातांनी खुर्ची धरत. आता एका हाताने धरतात आणि शेजारच्या आजींना त्यांची खुर्ची लंगडी असल्याचे पटवतात. पारावरही ते जाऊ लागले आहेत, काठी आणि विजेरी घेऊन, अंधार पडायच्या आत परत येण्याच्या अटीवर. तोंड दोन्ही बाजूंनी एकदम धुतात, बसून.

पास मागे घेण्यासाठी ठेकेदार गेला नाही, म्हणून मिस्त्री आणि मिस्त्रीणबाई स्वतः दारोदार गेले. मोटारवाल्याने मधला खोलगट भाग भरून घेतला. छापखान्याने दोघांना चहा पाजला आणि फरशीत काही दोष नाही, असे ठासून सांगितले. खिळे अजून सांध्यात पडतात. हॉटेलमालक तर रागावला. त्याच्या मते त्याची फरशी गावातली सर्वांत आधी पास झालेली फरशी होती आणि ती पदवी काढून घेण्याचा अधिकार मिस्त्रींनाही नव्हता. दातांच्या डॉक्टरांना पहिली फरशी निर्दोष होती असे सांगितल्यावर त्यांनी नकळत एक तळपाय झटकला. मग म्हणाले की वाळू त्यांना खरोखरच लागली होती.

कोणत्या फरशीपर्यंत मागे जायचे, हे मात्र ठरलेले नाही. मिस्त्रीणबाईंच्या मते चपला हरवू लागल्या तेव्हा पाय गेले. लेकीच्या मते त्याच्याही आधी, कारण एकदा बाबांनी निखाऱ्यावर पाय दिल्याचे आणि शिवी न दिल्याचे तिला आठवते. ते कोणत्या वर्षी, ते आठवत नाही. ठेकेदार म्हणतो, त्या सोप्यात, त्या दिवशी, त्याआधी नाही. ज्या फरश्या मखमल म्हणून पास झाल्या, त्यांतल्या काही खरोखरच चांगल्या असतील. ज्या वाळू म्हणून फोडल्या, त्यांतली एखादी खरोखरच वाईट असेल. मिस्त्रींचे पाय शेवटचे खरे केव्हा आणि कोणत्या घरात बोलले, हे खुद्द मिस्त्रींना ठाऊक नाही, आणि ते कळण्याचा कोणताही मार्ग आज उपलब्ध नाही.